वाट पाहणाऱ्यांचा वाद

२०२५ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. कार्तिकी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळचा चहा घेऊन ओसरीवर आलो, तो भाचा आणि त्याचे चार-पाच मित्र अशा चेहऱ्यांनी बसलेले, की कोणाकडे काही बरेवाईट झाले की काय, अशी शंका मला आली. विचारले तेव्हा भाचा म्हणाला, "मामाजी, तारीख पुन्हा पुढे गेली."

आमच्या घरात 'तारीख' हा शब्द तीन पिढ्या एकाच अर्थाने वापरला गेला आहे. वारासिवनीकडच्या जमिनीचा दावा निकालात निघून आता बरीच वर्षे झाली. तरी तारीख म्हटले की मला अजून वकिलाची पडवीच आठवते. म्हणून मी सहज विचारून गेलो, "कोणत्या कोर्टाची?" त्यावर सगळी मंडळी हसली आणि वातावरण जरा सैल झाले.

तारीख होती एका खेळाची. टीव्हीला जोडून खेळावयाचे जे यंत्र असते, ज्यास ही मुले कन्सोल म्हणतात, त्यावर चालणाऱ्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेतील सहाव्या क्रमांकाच्या खेळाची. या मालिकेचा पाचवा खेळ १७ सप्टेंबर २०१३ रोजी बाहेर पडला आणि तेव्हापासून त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. 'रॉकस्टार' ही तो करणारी संस्था. 'टेक-टू' ही तिची मालक कंपनी. पुढचा खेळ तयार होत असल्याचे या मंडळींनी २०२२ च्या फेब्रुवारीत कबूल केले. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले ट्रेलर आले, त्यात साल दिले होते २०२५. मे २०२५ मध्ये सांगण्यात आले की खेळ २६ मे २०२६ रोजी येईल. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे आमच्याकडे पहाटे, नवी तारीख जाहीर झाली : १९ नोव्हेंबर २०२६. पाचव्या आणि सहाव्या खेळांत तेरा वर्षांचे अंतर. एका तपाहून अधिक.

इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या घरांतील वाचकांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. बालाघाट होळकर-शिंद्यांच्या मुलखातले नव्हे, नागपूरकर भोसल्यांच्या. आमचे तोंड गोंदिया-नागपूरकडे. परंतु या बाबतीत गावागावांत फरक उरलेला नाही. आपल्याच घरातील नातवंडांस १९ नोव्हेंबर म्हणजे काय, एवढे विचारून पाहावे. दुसरे, 'गेमिंग' म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे मोबाइलवरची रमी आणि तीत बुडालेले पगार येतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या त्या ऑनलाइन प्रकारांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. प्रस्तुत खेळ त्या जातीचा नव्हे. कादंबरी विकत आणावी तसा तो एकदा विकत आणावयाचा आणि घरी बसून खेळावयाचा. (त्याच्या ऑनलाइन शाखेत पैसे काढण्याच्या युक्त्या आहेत, तो विषय निराळा.) त्यात मोटारी पळवणे, दरोडे, गोळीबार हे सारे आहे, आणि तो प्रौढांसाठीच आहे असे त्याच्या वेष्टनावर लिहिलेले असते. माझ्या बहिणीला तो मुळीच पसंत नाही. मलाही फारसा नाही. पण माझा भाचा आता बावीस-तेवीस वर्षांचा आहे, आणि मी त्याच्या वयात कोणते सिनेमे पाहत होतो, हे मला चांगले आठवते.

त्या दिवशी आणि पुढच्या रविवारी ओसरीवर जो वाद झाला, तो मी आधी करमणूक म्हणून ऐकला आणि मग नीट ऐकला. कारण तो खेळाविषयी असला तरी खेळापुरता नव्हता. एखादी गोष्ट फार दिवस लांबली म्हणजे तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, लांबवणाऱ्यावर किती विश्वास टाकावा, आणि मधली वर्षे कोणाच्या खाती मांडावी, असा तो वाद होता.

भाचा हा भाविक पक्षाचा. त्याचे म्हणणे असे की ही संस्था उशीर करते, पण फसवीत नाही. चौथा खेळ ऑक्टोबर २००७ मध्ये यावयाचा होता, तो एप्रिल २००८ मध्ये आला. पाचवा २०१३ च्या वसंतात यावयाचा होता, तो सप्टेंबरात आला. त्याच संस्थेचा 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा खेळ २०१७ च्या शरदातून २०१८ च्या वसंतात ढकलला गेला आणि तिथून २६ ऑक्टोबर २०१८ वर. तिन्ही आले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतले. "यांचा उशीर म्हणजे भांडे चुलीवर आहे असे समजायचे," असे तो म्हणाला. कंपनीनेही हेच कारण दिले होते : खेळावर अखेरचा हात फिरवावयास वेळ हवा.

त्याचा एक मित्र भरवेलीच्या मँगनीज खाणीकडे कामाला आहे. तो नास्तिक. त्याने 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' हे नाव काढले. हा खेळ १९९७ मध्ये जाहीर झाला. केव्हा येणार, असे विचारले की करणारे म्हणत, होईल तेव्हा येईल. दरम्यान त्यांनी आतली यंत्रणा एकदा नव्हे, अनेकदा बदलली; कारण दर दोन वर्षांनी दुसऱ्या कोणाचा तरी अधिक देखणा खेळ बाजारात येई आणि आपला जुना दिसू लागे. २००९ मध्ये पैसे संपले, माणसे घरी गेली. शेवटी दुसऱ्याच एका कंपनीने तो उरकून २०११ मध्ये बाहेर काढला. चौदा वर्षांनी आलेला तो खेळ इतका बेताचा निघाला, की या धंद्यात त्याचे नाव म्हणीसारखे वापरतात. "तुमची भांड्याची गोष्ट ठीक आहे," तो भाच्याला म्हणाला, "पण फार वेळ चुलीवर ठेवले तर वरण लागते न बुडाला."

दोन्ही बाजूंना पुरावे आहेत, आणि इथेच हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. जपानच्या फुमितो उएदा यांचा 'द लास्ट गार्डियन' २००९ मध्ये दाखवला गेला आणि २०१६ च्या डिसेंबरात आला. तोवर ज्या यंत्रासाठी तो बेतला होता ते यंत्रच मागे पडले होते. तरीही पुष्कळांनी तो मनापासून वाखाणला. उलट पोलंडच्या 'सायबरपंक २०७७' ची तारीख २०२० या एकाच वर्षात तीनदा बदलली. एप्रिलचा सप्टेंबर झाला, सप्टेंबरचा नोव्हेंबर, आणि अखेर १० डिसेंबरला तो आला. जुन्या कन्सोलांवर त्याची अवस्था अशी होती की आठवडाभरात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला व लोकांचे पैसे परत दिले. पुढील जूनपर्यंत तो तिथे परतला नाही. पुढे त्याची दुरुस्ती होत होत तो चांगल्या खेळांत गणला जाऊ लागला, हेही खरे. परंतु पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्याला या पुढल्या कौतुकाचा काय उपयोग?

मला यातून एवढे दिसते की उशीर हा स्वतः ना गुण, ना दोष. पाहावयाचे ते हे, की उशिराच्या काळात आत काय चालले आहे. काम पुढे जात आहे की पुन्हा पुन्हा मुळापासून आरंभले जात आहे? आणि नेमके हेच बाहेरच्या माणसाला कधी कळू दिले जात नाही. दोन ट्रेलरांच्या मध्ये सतरा महिने गेले. त्या सतरा महिन्यांत जगभरच्या चाहत्यांनी पहिल्या ट्रेलरमधील प्रत्येक चौकट तपासली, मोटारींच्या पाट्या वाचल्या, आणि अखेर कंपनीच्या घोषणा चंद्राच्या कलांवर होतात, असा सिद्धान्त काढला. भाच्याने हे मला सांगितले तेव्हा मी भिंतीवरचे कालनिर्णय काढून त्याच्या हाती दिले. तो सिद्धान्तही खोटा ठरला. मौन धरणाऱ्याविषयी लोक काहीही रचतात, आणि त्या रचण्याने अपेक्षा फुगते. कंपनीला ही जाहिरात फुकट मिळते. म्हणून मौनाबद्दल तिला फार भोळी समजू नये.

आता कामगारांची बाजू. ही ओसरीवर कोणी काढली नाही, मी काढली. २०१८ मध्ये या संस्थेचे एक संस्थापक डॅन हाउसर यांनी आठवड्याला शंभर शंभर तास काम झाल्याचा उल्लेख सहज, थोड्याशा अभिमानानेच केला, आणि त्यावरून मोठा गदारोळ उठला. आपण सर्वांविषयी नव्हे, लेखनाच्या लहानशा चमूविषयी बोललो, असा खुलासा त्यांना करावा लागला. त्यानंतर संस्थेने आपली कामाची रीत सुधारली, असे सांगण्यात येते. तसे असेल, तर पूर्वी जो उशीर कामगारांच्या झोपेतून भरून काढला जाई, तो आता गिऱ्हाइकाच्या वाट पाहण्यातून निघतो, आणि हा बदल वाईट म्हणवत नाही. पण चित्र इतके सरळही नाही. नवी तारीख जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी याच संस्थेने ब्रिटन आणि कॅनडा येथील तीसहून अधिक माणसांना कामावरून काढले. संघटना बांधली म्हणून काढले, असा कामगार संघटनेचा आरोप. गुप्त माहिती बाहेर दिली म्हणून, असे कंपनीचे उत्तर. या खेळाचे चोरलेले कच्चे तुकडे २०२२ च्या सप्टेंबरात जगभर पसरले होते, तेव्हा कंपनी धास्तावलेली असणे समजण्याजोगे आहे. तथापि खाणीकडचा मित्र हे ऐकून जे बोलला, ते मला पटले : "युनियनची बातमी आम्हांला कोणी नाही सांगितली, मामाजी. ट्रेलरची लगेच सांगतात."

मग मी त्यांना छोट्या लाईनची गोष्ट सांगितली. त्यांना ती पाठ आहे, पण वडीलधाऱ्यांना अडवता येत नाही.

गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची आमची गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून चालत आली. ती मोठ्या रुळांची व्हावी, या कामास १९९६-९७ च्या सुमारास मंजुरी मिळाली. माझे वडील तेव्हापासून दर वर्षी रेल्वे अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र पसरून आपल्या मार्गाला किती रक्कम मिळाली ते शोधत. गोंदिया ते बालाघाट हा सपाटीचा तुकडा आधी पार पडला. पुढे जंगल लागले, आणि वनखात्याच्या व वन्यप्राण्यांच्या परवानग्यांत वर्षांमागून वर्षे गेली. वडील २०१२ मध्ये गेले. २०१५ च्या पावसाळ्याअखेर छोटी गाडी कायमची थांबली. रूळ उचलले गेले. मग पाच-सहा वर्षे नैनपूरकडे सलग जाणारी कोणतीच गाडी नव्हती. छोटी गेली होती, मोठी आली नव्हती. सुमारे २३० किलोमीटरचा तो सारा मार्ग २०२१ च्या सुमारास पुरा झाला, करोनाच्या दिवसांत, जेव्हा कोणाला स्टेशनवर जाऊन हार घालण्याची उमेद नव्हती.

त्या चोवीस-पंचवीस वर्षांत बालाघाटात मोठ्या लाईनविषयी काय काय बोलले गेले! दक्षिणेच्या गाड्या आमच्यावरून जाणार, बाजार दुप्पट होणार, मुलांना गाव सोडावे लागणार नाही. मार्ग चांगला झाला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पंचवीस वर्षे वाट पाहिलेल्या रेल्वेने फक्त माणसे आणि माल वाहून नेला, याने पुष्कळांचा हिरमोड झाला, हे मी पाहिले आहे. मला मुलांना एवढेच सांगावयाचे होते, की तुमचा खेळही येईल, चांगला असेल, आणि फक्त एक खेळ असेल.

यावर भाचा गरम झाला. "मामाजी, तुम्ही दोन्ही एका तागडीत घालून राहिले. गाडी नाही आली तर लोकांचे नुकसान झाले, दवाखान्यात जाणाऱ्याचे झाले. ते सरकारचे कर्ज होते आपल्यावर नाही, सरकारवर होते. गेम कोणी आपल्याला देणे लागत नाही. आम्ही हौसेने वाट पाहून राहिलो." मी गप्प बसलो, कारण मुद्दा बिनतोड होता. माझ्या वडिलांची वाट पाहणे आणि याची वाट पाहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक आपल्याच पक्षाला अडचणीचा असूनही त्याने मांडला.

पण त्याच्या बहिणीने वाद तिथे संपू दिला नाही. माझी भाची फारशी बोलत नाही. ती या मंडळींत सर्वांत चांगली खेळते, असे तिच्या भावाच्या मित्रांनी मला खासगीत सांगितले आहे. ती म्हणाली, पाचवा खेळ आला तेव्हा दादा पाचवीत होता. (दहा वर्षांच्या मुलाने तो खेळावयाचा नव्हताच, पण नागपूरला आतेभावाकडे सुटीत गेला असता सगळ्यांनी मिळून रात्र रात्र खेळला, हे आता उघडकीस आले.) "तेव्हा जे छान वाटले, ते गेममुळे का सुटीमुळे? आता तेच पाहिजे म्हणून बसला आहे. कोणती कंपनी देणार?" आणि मग तिने आपले उदाहरण दिले. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरात तिघांची एक लहानशी मंडळी आहे, 'टीम चेरी' नावाची. त्यांचा 'सिल्कसाँग' हा खेळ २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला. साडेसहा वर्षे. मध्ये एकदाच २०२३ च्या पूर्वार्धाची गोष्ट निघाली होती. ती मागे घ्यावी लागल्यावर या तिघांनी तोंडच मिटले आणि पुढली तारीख सांगितली ती जेमतेम दोन आठवडे आधी. किंमत फक्त वीस डॉलर. त्या दिवशी एवढी झुंबड उडाली की खेळ विकणारी मोठमोठी ऑनलाइन दुकाने काही काळ कोलमडली. उशीर का झाला, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते की आम्हांला करताना मजा येत होती. भाची म्हणते, हे उत्तर तिला अखेरचा हात फिरवण्याच्या उत्तरापेक्षा खरे वाटते. मलाही वाटते; पण हजारो माणसे आणि भागधारक पोसणाऱ्या कंपनीला ते देता येणार नाही, हेही उघड आहे.

आता पैशाचा व्यवहार, कारण मध्यमवर्गीय घरात वाद शेवटी तिथेच येतो. प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. जुना नियम असा, की यंत्र जुने झाले की स्वस्त होते. या वेळी उलटे झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच ५४,९९० झाले, आणि अमेरिकेतही २०२५ च्या ऑगस्टात पन्नास डॉलरांनी चढले. म्हणजे थांबणाऱ्याला शहाणपणाचे बक्षीस मिळण्याऐवजी दंड भरावा लागला. भाच्याने २०२३ च्या ट्रेलरपासून पैसे बाजूला टाकावयास आरंभ केला. यंत्राची किंमत त्याच्यापुढे धावत आहे. खेळाची किंमत नोव्हेंबर २०२५ पर्यंत जाहीर झालेली नव्हती. शंभर डॉलर असेल, अशी भीती बाहेर बोलली जात होती. आमच्याकडे मोठा खेळ तेव्हा पाच हजार रुपयांच्या आसपास पडे. ज्या मित्राकडे कन्सोल नसून संगणक आहे, त्याची तर अडचण निराळीच. जाहीर झालेला खेळ फक्त दोन कन्सोलांसाठी आहे. पाचवा खेळ संगणकावर यावयास १९ महिने लागले होते. "माझी तारीख २०२८," असे तो शांतपणे म्हणाला. त्याच्याएवढी समजूत बाकी कोणात नव्हती.

आणखी एक अडचण, जिचा विचार न्यूयॉर्कमध्ये बसून कोणी करणार नाही. असला खेळ उतरवून घेणे म्हणजे शंभरावर गीगाबाइट. मोबाइलचा रोज दोन गीगाबाइट देणारा पॅक घेतला, तर नुसते उतरवण्यातच पन्नास दिवस जातील. म्हणून तबकडी हवी, आणि तबकडीसाठी गोंदिया किंवा नागपूर. (मोठ्या लाईनचा एवढा तरी उपयोग होईल, असे मी म्हणालो. कोणी हसले नाही.)

माझी खरी तक्रार पुढे आहे. या मुलांना मी विचारले, की अमेरिकेतल्या कंपनीला तुम्ही तेरा वर्षे देता. आपल्याकडच्यांना किती देता? पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' म्हणून एक मंडळी आहे. त्यांनी 'राजी' नावाचा खेळ केला : दुर्गेने शस्त्र दिलेली एक गरीब डोंबाऱ्यासारखी कसरत करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ, राजस्थानी वाड्यांची बांधणी, पहाडी चित्रांचे रंग, आणि कथा सांगावयास सावल्यांच्या बाहुल्या. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली. ती पुरेशी जमली नाही. तरी काम सोडले नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये, सगळे जग घरात कोंडलेले असताना, तो निन्टेन्डोच्या यंत्रावर आला व त्याच वर्षी बाकीच्या कन्सोलांवर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या कृतीच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकनही होते. पूर्वी, २००९ मध्ये, प्लेस्टेशन २ साठी हैदराबादेत 'हनुमान : बॉय वॉरियर' तयार झाला होता, त्या यंत्राची पुढची आवृत्ती तोवर दुकानांत येऊन काही वर्षे झाली होती, आणि तो फारसा कोणाला आवडला नाही. तेथून 'राजी'पर्यंतची मजल लहान नव्हे. शिवाय रॉकस्टारचीही एक शाखा बेंगळुरूला आहे. १९९७ मध्ये राजेश राव यांनी स्थापलेली 'ध्रुव' ही संस्था २०१९ मध्ये त्यांनी विकत घेतली. म्हणजे हात आपल्याकडे आहेत. कमी पडतो तो पैसा, आणि धीर.

"मामाजी, तुम्ही 'राजी' खेळली आहे?" भाचीने विचारले.

नव्हती. तिने खेळली होती. तिचे म्हणणे असे, की दिसावयास फार सुंदर, लढाई जरा अडखळणारी, आणि पाच-सहा तासांत गोष्ट अशी तुटते की पुढले पान कोणी फाडून नेले असावे. हे तिचे एकटीचे मत नव्हे. परीक्षकांनीही तेव्हा हेच लिहिले. "आपल्या माणसांची म्हणून कमी मार्क देऊ नये, तसे जास्तही देऊ नये," असे ती म्हणाली. आता त्या मंडळींनी २०२५ मध्ये 'राजी : कलियुग' हा पुढला खेळ जाहीर केला आहे, आणि त्याला उशीर झाला तर ती थांबावयास तयार आहे, असे तिने सांगून टाकले. माझी तक्रार त्यामुळे निम्मी उरली. उरलेली निम्मी मी सोडणार नाही. पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'ने मोबाइलसाठी केलेला 'इंडस' हा खेळ २०२२ मध्ये जाहीर होऊन २०२४ च्या ऑक्टोबरात आला, तेव्हा दोन वर्षांच्या त्या उशिराची थट्टा याच ओसरीवर झालेली मी ऐकली आहे.

मुलांचे खरे दुःख मला रविवारी संध्याकाळी कळले, आणि ते खेळाच्या गुणावगुणाशी संबंधित नव्हते. २६ मे २०२६ ही तारीख अधिक ज्येष्ठात येत होती. लग्नकार्ये नाहीत, उन्हाळा, सगळे घरी. भाच्याच्या कंपनीने जूनपासून पुण्याला हजर होण्यास सांगितले आहे. आणखी एक जण बेंगळुरूला जाणार. म्हणून सर्वांनी मिळून ठरवले होते, की यंत्र आमच्या माडीवर लावावयाचे, आणि पांगण्यापूर्वी आठवडाभर, नागपूरला लहानपणी खेळले तसे, सगळ्यांनी एकत्र खेळावयाचे. १९ नोव्हेंबर दिवाळीनंतर अकरा दिवसांनी येतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ८ तारखेला. सुटी संपून जो तो आपापल्या गावी गेलेला असणार. शिवाय तुळशीचे लग्न लागले की भाचीचे करावयाचे ठरले आहे, त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या घरी मांडवाची गडबड. "लग्नघरात तू टीव्हीपुढे बसलेला दिसलास तर बघ," असे बहिणीने लेकाला आताच बजावून ठेवले आहे.

न्यूयॉर्कच्या कचेरीत कोणी तरी सहा महिने पुढे ढकलले, तेव्हा त्या हिशेबात बालाघाटची ही माडी कोठेही नव्हती, आणि असावी अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. कंपनीने काही गैर केले, असे मला म्हणवत नाही. पण मुलांनी तक्रार का केली, हे मला आता समजते, आणि पहिल्या दिवशी मी कोर्टाची तारीख म्हणून थट्टा केली, ती केली नसती तर बरे झाले असते.

अखेर ठरले ते असे, की यंत्र मे महिन्यातच घ्यावयाचे, साठलेल्या पैशांत जे कमी पडेल ते मी घालावयाचे, आणि २६ तारखेला सर्वांनी जमावयाचे ते जमावयाचेच. काय खेळावयाचे, यावर पुन्हा वाद झाला. भाचीने निकाल दिला, की पहिल्या दिवशी 'राजी' लावावयाची आणि ती मामाजींनी खेळावयाची. बाकीच्यांनी बाजूला बसून शिकवावयाचे. एप्रिलपर्यंत माझ्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उरकून घ्यावे लागेल. डॉक्टरांनी त्याची तारीख अजून दिलेली नाही.